लक्ष्मणराव किर्लोस्कर

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर ऊर्फ लक्ष्मणराव किर्लोस्कर (२० जून १८६९ – २६ सप्टेंबर १९५६) हे मराठी उद्योजक, यंत्रनिर्माते आणि किर्लोस्कर उद्योगसमूहाचे संस्थापक होते. लोखंडी नांगर, कडबा कापण्याचे यंत्र, उसाचे चरक, पाण्याचे पंप अशी शेतीला लागणारी साधने त्यांच्या कारखान्यात तयार झाली. सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडी ही औद्योगिक वसाहत त्यांनी १९१० साली वसवली. जे इतरांनी टाकाऊ ठरवले, त्याची खरी योग्यता ओळखून त्यात पैसा, श्रम आणि वर्षे गुंतवणे हे त्यांच्या आयुष्याचे वैशिष्ट्य होते. माळरान, न खपणारा माल, शाळा सुटलेली मुले, तुरुंगातून आलेली माणसे या सर्वांच्या बाबतीत त्यांची दृष्टी सारखीच राहिली.

बालपण आणि शिक्षण

लक्ष्मणरावांचा जन्म बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. संगीत नाटककार अण्णासाहेब किर्लोस्कर हेही याच गावचे; त्यामुळे नाटक आणि नांगर या दोन अगदी वेगळ्या क्षेत्रांत एकाच आडनावाने आणि एकाच लहानशा गावाने आपली नाममुद्रा उमटवली असे म्हणता येते. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक होते. घरातील वातावरण विद्याव्यासंगाचे असले तरी लक्ष्मणरावांचे मन पाठांतरात रमले नाही. चित्रे काढणे आणि हाती पडेल ती यांत्रिक वस्तू उघडून पाहणे हे त्यांचे छंद होते. त्या काळी अशा मुलाचे भवितव्य फारसे आशादायक मानले जात नसे. थोरले बंधू रामचंद्र ऊर्फ रामुअण्णा यांनी मात्र भावाच्या ओढीला पाठिंबा दिला आणि १८८५ साली लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले.

तेथे सुमारे दोन वर्षांनी त्यांना अंशतः रंगांधत्व असल्याचे लक्षात आले. चित्रकार होऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला याहून मोठा आघात दुसरा नसावा. रंगकामाचा मार्ग बंद झाला, पण रेषेवरील पकड शाबूत होती. ही पकड यांत्रिक आरेखनात उपयोगी पडेल हे ओळखून त्यांनी त्या विषयाचा अभ्यास सुरू केला आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्याच विषयाचे साहाय्यक शिक्षक म्हणून त्यांची नेमणूक झाली. संस्थेच्या कर्मशाळेत ते मोकळ्या वेळी यंत्रांवर स्वतः काम करीत. अभियांत्रिकीची पदवी त्यांनी कधीच घेतली नाही. त्यांचे यंत्रज्ञान या कर्मशाळेत, हात काळे करून मिळवलेले होते.

सायकलींचे दुकान

नोकरीत असतानाच लक्ष्मणरावांचे लक्ष सायकलीकडे गेले. हे वाहन तेव्हा नवलाईचे आणि महागडे होते. मुंबईत सायकली घेऊन त्या बेळगावला पाठवायच्या आणि रामुअण्णांनी तेथे विकायच्या, असा व्यवहार दोघा बंधूंनी सुरू केला. गिऱ्हाइकाला सायकल चालवायला शिकवण्याचे कामही दुकानच करी. किर्लोस्कर बंधूंच्या उद्योगाचा आरंभ १८८८ सालच्या या दुकानापासून मानला जातो.

मुंबईच्या संस्थेत बढतीची संधी आली तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन शिक्षकाला देण्यात आली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि ते बेळगावला परतले. ठरलेल्या पगाराची नोकरी सोडून लहान गावात दुकानदारी करणे हे सुशिक्षित कुटुंबाच्या दृष्टीने वेडेपणाचे होते. त्यांच्या मागे बंधूंचा भरवसा होता, ही गोष्ट त्यांच्या चरित्रात वारंवार नजरेआड होते. रामुअण्णांनी हिशेब आणि व्यवहार सांभाळले नसते तर लक्ष्मणरावांच्या प्रयोगशीलतेला इतका अवधी मिळाला असता की नाही, याची शंका आहे.

बेळगावात सायकलींबरोबर पवनचक्क्यांची विक्रीही त्यांनी केली. परक्यांनी बनवलेला माल विकण्यात लक्ष्मणरावांना समाधान नव्हते. दुकानाशेजारी लहानशी कर्मशाळा उभी राहिली आणि तेथे कडबा कापण्याचे यंत्र तयार होऊ लागले. जनावरांपुढे अख्खा कडबा टाकला तर बराचसा पायदळी जाऊन वाया जातो. तुकडे करून घातला तर तेवढ्याच कडब्यात जनावरे अधिक दिवस पोसतात. शेतकऱ्याला हा फायदा डोळ्यांनी दिसत असे, त्यामुळे हे यंत्र तुलनेने लवकर स्वीकारले गेले.

लोखंडी नांगर

लोखंडी नांगराची गोष्ट वेगळी होती. लाकडी नांगर जमीन वरवर उकरतो. लोखंडी नांगर खोल जाऊन माती उलटी करतो, तणांची मुळे वर येतात आणि जमिनीत ओल टिकते. इंग्लंडहून येणारे लोखंडी नांगर येथे पोहोचले होते, पण ते महाग होते आणि मोडल्यास सुटे भाग मिळणे कठीण असे. लक्ष्मणरावांनी १९०३ साली आपला पहिला लोखंडी नांगर तयार केला.

तो विकला जाईना. लोखंडाने जमीन विषारी होते असा शेतकऱ्यांचा समज होता. पिढ्यान्‌पिढ्या सुताराकडून धान्याच्या बदल्यात लाकडी नांगर करून घेणाऱ्या माणसाला रोख पैसे मोजून लोखंडी वस्तू घ्यायची, तीही जमिनीत घालायची, ही कल्पनाच परकी होती. पहिला नांगर खपण्यास सुमारे दोन वर्षे लागली. या काळात नांगराची किंमत बाजाराच्या लेखी शून्य होती असे म्हटले तरी चालेल.

येथे लक्ष्मणरावांनी दोन गोष्टी एकाच वेळी केल्या, आणि त्या परस्परविरोधी वाटण्याचा संभव आहे. नांगराची मूळ कल्पना त्यांनी सोडली नाही, कारण तो लाकडी नांगरापेक्षा चांगले काम करतो याविषयी त्यांची खात्री होती. मात्र न खपण्याचे सर्व खापर शेतकऱ्याच्या अडाणीपणावर फोडून ते स्वस्थही बसले नाहीत. फाळ लवकर झिजतो अशी तक्रार आली तेव्हा ती रास्त असल्याचे त्यांनी मान्य केले आणि अधिक टणक बिडाचा फाळ ओतण्याच्या खटपटीला ते लागले. अंधश्रद्धेमुळे आलेला नकार आणि मालातील खऱ्या दोषामुळे आलेला नकार यांतील फरक त्यांना कळत होता. पुढे महाराष्ट्र व कर्नाटकातील काळ्या जमिनीत किर्लोस्कर नांगर सर्वत्र दिसू लागला, त्याचे मूळ या दोन वर्षांत आहे.

किर्लोस्करवाडी

बेळगावातील कारखाना जेमतेम स्थिरावत असतानाच तेथील नगरपालिकेच्या नव्या वसाहतीसाठी त्यांना जागा सोडावी लागणार असे ठरले. चाळिशी ओलांडू लागलेल्या गृहस्थाला उभारलेला व्याप उचलून नव्याने मांडायचा होता आणि हाताशी पुरेसे भांडवल नव्हते. या अडचणीच्या वेळी औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी त्यांच्या मदतीला आले. औंध येथील एका बांधकामाच्या निमित्ताने दोघांचा परिचय झाला होता. बाळासाहेब १९०९ साली गादीवर आले. ते स्वतः चित्रकार होते. रंगांमुळे चित्रकला सोडावी लागलेला यंत्रज्ञ आणि कुंचला हाती धरणारा राजा यांचा हा स्नेह अखेरपर्यंत टिकला. संस्थानाच्या हद्दीत कोठेही जागा निवडावी असे त्यांनी सांगितले आणि दहा हजार रुपयांचे कर्जही दिले.

लक्ष्मणरावांनी कुंडल गावाजवळची ३२ एकर जमीन निवडली. निवडुंगाने भरलेले, सापांचा सुळसुळाट असलेले, पाण्याची वानवा असलेले ते माळरान होते. शेतीच्या दृष्टीने त्याला कोणी विचारले नसते. त्या जागेला एकच मोठा गुण होता: कुंडल रोड हे रेल्वे स्थानक लागूनच होते. बीड आणि कोळसा आणायचा, तयार नांगर देशभर पाठवायचे, तर कारखान्याला काळ्या जमिनीपेक्षा रूळ अधिक मोलाचे होते. १० मार्च १९१० रोजी येथे वसाहतीचा आरंभ झाला. आज हा भाग सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यात येतो आणि स्थानकाचे नावही किर्लोस्करवाडी असेच आहे.

पहिली वर्षे अतिशय कष्टाची होती. निवडुंग तोडणे, विहीर खणणे, छपरे घालणे आणि त्याच वेळी मागणीप्रमाणे माल काढणे अशी सर्व कामे मूठभर माणसांनी केली. रामुअण्णांनी वसाहतीची आखणी आणि व्यवस्था पाहिली. मंगेशराव रेगे हिशेब ठेवीत. के. के. कुलकर्णी कचेरीपासून विक्रीपर्यंत पडेल ते काम करीत. शंभोराव जांभेकर यंत्रे सांभाळीत. अनंतराव फळणीकर यांचे शालेय शिक्षण अर्धवट राहिले होते, पण नव्या यंत्रांची कल्पना करण्यात त्यांचा हात धरणारे कोणी नव्हते. या मंडळींपैकी बहुतेकांना प्रस्थापित कारखान्यात प्रमाणपत्राअभावी दारातूनच परत पाठवले गेले असते. लक्ष्मणरावांकडेही पदवी नव्हती, हे येथे लक्षात घ्यावे लागते.

वसाहतीच्या राखणीसाठी त्यांनी दरोड्याच्या गुन्ह्यात शिक्षा भोगलेल्या माणसांना नेमले. परिसरातील लोकांना हा निर्णय धोक्याचा वाटला. या पहारेकऱ्यांनी आपले काम इमानाने केले आणि ते किर्लोस्करवाडीतील विश्वासू माणसांत गणले जाऊ लागले. ज्यांना समाजाने गुन्हेगार ठरवून कायमचे बाजूला टाकले, त्यांना पगार, घर आणि जबाबदारी एकदम मिळाली. हा निव्वळ दयाभाव नव्हता. चोरांच्या वाटा माहीत असलेला मनुष्य राखण चांगली करील, असा व्यवहारी विचारही त्यामागे असणे शक्य आहे. पण व्यवहार आणि माणुसकी यांची अशी सांगड घालणारे लोक थोडेच असतात. वसाहतीत अस्पृश्यता पाळू नये असा लक्ष्मणरावांचा आग्रह होता. १९१० च्या सुमारास, खेड्याच्या शेजारी, निरनिराळ्या जातींची माणसे एका ठिकाणी कामाला आणि वस्तीला ठेवताना हा आग्रह अमलात आणणे सोपे नव्हते.

पहिले महायुद्ध

१९१४ साली युद्ध सुरू झाले आणि परदेशातून येणारे लोखंड, कोळसा, रंग यांचा पुरवठा आटला. एकीकडे परदेशी नांगरांची आयात थांबल्यामुळे किर्लोस्कर नांगराची मागणी वाढली होती, दुसरीकडे तो बनवण्यासाठी कच्चा माल नव्हता. बाजारात लोखंडाचे दर भडकले. या टंचाईत कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज यांनी संस्थानातील निकामी जुन्या तोफा कारखान्याला दिल्या. त्या वितळवून नांगर ओतण्यात आले. गडांवर गंज खात पडलेल्या तोफा कोणाच्याच उपयोगाच्या नव्हत्या. त्यांतील लोखंड मात्र उत्तम होते. पुढे या घटनेचे वर्णन अनेकांनी काव्यमय शब्दांत केले असले तरी मुळात ती एका अडलेल्या ओतशाळेची गरज होती.

युद्धानंतर, १९२० साली, किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड या मर्यादित कंपनीची नोंदणी झाली. घरगुती भागीदारीतून सुरू झालेला उद्योग आता भागधारकांच्या पैशावर चालणार होता. उसाचे चरक, शेंगा फोडण्याची यंत्रे, पंप, लोखंडी फर्निचर अशी उत्पादनांची संख्या वाढत गेली. नवीन वस्तू निवडताना शेतकऱ्याच्या रोजच्या कामातील नेमकी अडचण कोणती, येथूनच बहुधा विचार सुरू होत असे. विहिरीवरील मोटेची जागा इंजिन आणि पंपाने घेतली, हा दख्खनच्या शेतीतील मोठा बदल होय. नाशिकपासून धारवाडपर्यंतच्या बागाईत भागात त्याच्याशी किर्लोस्कर हे नाव जोडले गेले.

गुंतवणुकीची दृष्टी

बेंजामिन ग्रॅहम आणि डेव्हिड डॉड या अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठाच्या अध्यापकांनी १९३४ साली आपल्या ग्रंथात मूल्याधिष्ठित गुंतवणुकीची शास्त्रशुद्ध मांडणी केली. वस्तूचा बाजारभाव आणि तिचे अंगभूत मूल्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, भाव मूल्यापेक्षा बराच खाली असेल तेव्हा खरेदी करावी, दोहोंतील अंतर हेच गुंतवणूकदाराचे संरक्षण आणि त्यानंतर बाजाराच्या लहरीकडे दुर्लक्ष करून वाट पाहावी, असे तिचे सार सांगता येते. लक्ष्मणराव शेअर बाजारातील गुंतवणूकदार नव्हते आणि त्यांची मुख्य कामे या ग्रंथाच्या कितीतरी आधीची आहेत. तरीही कुंडलचे माळरान, तोफांचे लोखंड आणि शाळाबाह्य कारागीर या तिन्ही बाबतींत त्यांनी हाच विचार केलेला दिसतो. जागा, धातू, माणूस यांचा चालू भाव काय हे त्यांनी विचारले नाही. त्यांपासून काय घडू शकेल हे पाहिले.

साम्य येथेच थांबते. ग्रॅहम यांच्या पद्धतीत पैसा अनेक ठिकाणी विभागून ठेवणे हा सुरक्षिततेचा भाग आहे. लक्ष्मणरावांनी सर्व काही एकाच ठिकाणी लावले. संस्थानिकाचा आश्रय, रेल्वेचे सान्निध्य आणि युद्धामुळे थांबलेली आयात या गोष्टी अनुकूल पडल्या नसत्या तर किर्लोस्करवाडीचा इतिहास वेगळा झाला असता. त्यांच्या यशात दूरदृष्टीइतकाच योगायोगाचाही वाटा आहे आणि चरित्रात्मक लेखनात तो बहुधा कमी दाखवला जातो. शिवाय बाजारातील गुंतवणूकदार मूल्य उघड होण्याची वाट पाहतो. लक्ष्मणरावांना ते मूल्य स्वतःच्या हातांनी घडवावे लागले. निवडुंग आपोआप नाहीसा झाला नाही आणि फाळही आपोआप टणक झाला नाही.

त्यांच्या दातृत्वाची ओळख देणग्यांच्या आकड्यांवरून होत नाही. मिळालेला नफा पुन्हा कारखान्यात, कामगारांच्या घरांत, वसाहतीच्या सोयींत आणि पुढील पिढीच्या शिक्षणात घालण्याकडे त्यांचा कल होता. पुत्र शंतनुराव आणि पुतणे माधवराव यांना १९२२ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे पाठवण्यात आले. माधवराव अकाली निवर्तले. शंतनुराव १९२६ साली पदवी घेऊन परतले आणि कारखान्याच्या कामात रुजू झाले. जे शिक्षण आपणास मिळाले नाही ते पुढच्यांना मिळावे यासाठी केलेला हा खर्च होता. त्याची भरपाई पैशात झाली तरी किंमत कुटुंबाला मोजावी लागली.

नियतकालिके

लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव किर्लोस्कर यांनी १९२० साली किर्लोस्करवाडीतून ‘किर्लोस्कर खबर’ हे पत्र सुरू केले. कारखान्याच्या मालाची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत पोहोचवणे हा त्याचा मूळ उद्देश होता. थोड्याच वर्षांत त्याचे विचारप्रवर्तक मासिकात रूपांतर झाले आणि त्याला ‘स्त्री’ (१९३०) व ‘मनोहर’ (१९३४) या मासिकांची जोड मिळाली. विज्ञाननिष्ठा, उद्यमशीलता आणि स्त्रियांचे प्रश्न या विषयांवर या मासिकांनी मराठी मध्यमवर्गाला अनेक दशके वाचनीय मजकूर दिला. संपादन शंकररावांचे असले तरी नांगराच्या कारखान्याने मासिके चालवावीत याला मोकळीक देणारे लक्ष्मणराव होते.

उत्तरायुष्य

पुढे व्यवस्थापनाची सूत्रे शंतनुरावांकडे गेली. १९४१ साली हरिहर येथे म्हैसूर किर्लोस्कर हा यांत्रिक हत्यारांचा कारखाना निघाला. १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स आणि बंगळूर येथे किर्लोस्कर इलेक्ट्रिक या कंपन्या स्थापन झाल्या. सायकलीच्या दुकानातून निघालेला उद्योग आता चार ठिकाणी उभा होता.

३० जानेवारी १९४८ रोजी महात्मा गांधींची हत्या झाली. त्यानंतर पश्चिम महाराष्ट्रात ब्राह्मण कुटुंबांविरुद्ध उसळलेल्या दंगलीत किर्लोस्करवाडीच्या कारखान्याला आग लावण्यात आली आणि मोठे नुकसान झाले. लक्ष्मणराव तेव्हा ७८ वर्षांचे होते. ज्या परिसराला चार दशके रोजगार मिळाला, त्याच परिसरात हे घडले. जातिभेद न पाळणाऱ्या वसाहतीला जातीच्याच कारणावरून झळ पोहोचावी, हा त्यांच्या आयुष्यातील सर्वांत कटू प्रसंग म्हटला पाहिजे. माणसांत केलेली गुंतवणूक येथे वाया गेली असा निष्कर्ष काढून कारखाना दुसरीकडे हलवता आला असता. तसे झाले नाही. कारखाना त्याच जागी पुन्हा सुरू करण्यात आला आणि किर्लोस्करवाडीत आजही पंपांचे उत्पादन होते.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले.

स्मृती

भारतीय टपाल खात्याने लक्ष्मणरावांच्या जन्मशताब्दीनिमित्त १९६९ साली त्यांचे चित्र असलेले तिकीट प्रसिद्ध केले. बेळगावात किर्लोस्कर रोड हा रस्ता त्या कुटुंबाच्या नावाने ओळखला जातो. शंकरराव किर्लोस्कर यांचे ‘शंवाकीय’ आणि शंतनुराव किर्लोस्कर यांचे ‘कॅक्टस अँड रोझेस’ या आत्मचरित्रांत लक्ष्मणरावांच्या आयुष्याविषयी आणि किर्लोस्करवाडीच्या सुरुवातीच्या दिवसांविषयी सविस्तर माहिती मिळते. दुसऱ्या ग्रंथाच्या नावातील कॅक्टस म्हणजे कुंडलच्या माळावरचा निवडुंगही आठवावा असा आहे.